यादीत न दिसणारे टॅग

"टॅग दिसत नाहीत." गिट, म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, वापरणाऱ्या कुठल्याही टीममध्ये हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. सर्व्हरच्या पानावर १.१२ हा टॅग ठळक दिसतोय आणि आपल्या टर्मिनलमध्ये 'गिट टॅग' म्हटलं की यादीत त्याचा पत्ता नाही. मग कुणी अख्खा क्लोन, म्हणजे आपल्याकडची प्रत, पुसून नव्याने घेतं, कुणी गिटच पुन्हा इन्स्टॉल करतं. त्या खटाटोपात कधी कधी टॅग दिसायलाही लागतो आणि नेमकं काय बिघडलं होतं हे शोधायचं राहूनच जातं. मला ते शोधणं महत्त्वाचं वाटतं. टॅग म्हणजे "आम्ही लोकांच्या हाती दिली ती हीच स्थिती" असं सांगणारी खूण. त्या खुणेवर विसंबणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या ओळखीचाही नसतो, त्यामुळे ती खूण कुठे आणि का हरवते हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

माझं पोटापाण्याचं काम बिल्ड आणि रिलीजचं, म्हणजे कोडमधून सॉफ्टवेअर तयार करून ते लोकांपर्यंत पोचवायचं. त्यातून एक सवय लागली आहे. टॅगची तक्रार आली की मी आधी विचारते, यादी कुणाची? 'गिट टॅग' ही आज्ञा नेटवर्कच्या वाटेला जातच नाही. ती फक्त आपल्या मशीनवरच्या रिपोत, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यात, काय आहे तेवढंच सांगते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलच्या कामासाठी, बिटकीपर या तोवर वापरात असलेल्या साधनाचा फुकट वापर बंद झाल्यावर. प्रत्येकाच्या हाती पूर्ण इतिहास असावा आणि कुणाला विचारल्याशिवाय काम करता यावं, ही त्यामागची मूळ मांडणी. सबव्हर्जन या जुन्या साधनात मुरलेल्या माणसांची इथेच फसगत होते. तिथे टॅग म्हणजे सर्व्हरवरचा एक फोल्डर, आणि यादी मागितली की उत्तर सर्व्हरकडून यायचं. गिटमध्ये सर्व्हरला विचारायचं तर 'गिट एलएस-रिमोट --टॅग्ज ओरिजिन' असं वेगळं विचारावं लागतं. या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की निम्म्या तक्रारींचा निकाल तिथेच लागतो. टॅग सर्व्हरवरच नसेल तर तो कुणीतरी पुश करायचा, म्हणजे सर्व्हरवर धाडायचा, राहिलाय, कारण साध्या 'गिट पुश'बरोबर टॅग जात नाहीत. सर्व्हरवर असेल आणि आपल्याकडे नसेल, तर तो आपल्यापर्यंत का आला नाही ते पाहायचं.

एलएस-रिमोटच्या उत्तरात काही नावं दोनदा दिसतात, दुसऱ्या वेळी शेवटी टोपीचं चिन्ह आणि महिरपी कंसांची जोडी असते. पाहणारा दचकतो, पण ती नक्कल नाही. पहिली ओळ टॅगची, दुसरी तो टॅग ज्या कमिटकडे, म्हणजे नोंदवलेल्या बदलाकडे, बोट दाखवतो त्याची.

टॅग डिस्कवर कसा असतो हे प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी पाहावं. रिपोतल्या लपलेल्या गिट फोल्डरमध्ये 'रेफ्स', त्याच्या आत 'टॅग्ज', आणि तिथे टॅगच्या नावाची एक चिमुकली फाइल. ती उघडली की आत ४० अक्षरांचा हॅश, म्हणजे गिटमधल्या नोंदीची ओळख पटवणारी अक्षरमाळ, बस. टॅग म्हणून जे काही आपण मिरवतो ते एवढंच. पण काही दिवसांनी याच फोल्डरमध्ये डोकावलं आणि तो रिकामा दिसला तर घाबरायचं कारण नाही. गिट अधूनमधून स्वतःची साफसफाई करतं तेव्हा या सुट्या फाइली उचलून 'पॅक्ड-रेफ्स' नावाच्या एकाच फाइलीत ओळीने लिहून ठेवतं. म्हणून टॅग आहे की नाही हे फोल्डर पाहून ठरवायचं नसतं, गिटला विचारायचं असतं.

आता आमच्या प्रकल्पाबद्दल. मराठी शुद्धलेखन तपासायला लागणारी शब्दयादी आम्ही काही जण मोकळ्या वेळात तयार करतो. कुणी इंजिनिअर, कुणी शिक्षक, कुणी भाषांतरकार. त्यात नाशिकचे एक काका आहेत. त्यांचा जन्म मुद्रितशोधनात गेला, आणि निवृत्तीनंतर वहीत आज्ञा लिहून घेऊन ते टर्मिनल शिकले. शब्दाकडे त्यांच्याइतकं बारकाईने पाहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. यादीची आवृत्ती पक्की झाली की आम्ही टॅग लावतो, आणि त्या टॅगवरून पुढे लोक आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये यादी घेतात.

१.१० आला तेव्हा काकांचा फोन आला. "अगं, तुझी नवी आवृत्ती माझ्याकडे पोचलीच नाही. यादी १.९ वर संपते." मी स्क्रीनचा फोटो मागवला. फोटोत १.०, मग १.१, त्याखाली १.१०, आणि नंतर १.२, १.३ असं करत शेवटी १.९.

"काका, १.१ च्या लगेच खाली बघा ना."

"हो की! पण हा इथे कशाला येऊन बसलाय?" क्षणभर थांबून तेच म्हणाले, "अच्छा, म्हणजे आकडे अकारविल्हे लावलेत होय!"

याहून नेमकं उत्तर मला देता आलं नसतं. गिट मुळात टॅगची नावं अक्षरामागून अक्षर ताडून लावतं. १.१० आणि १.२ ताडताना टिंबानंतरचं पहिलं अक्षर एकीकडे १ आणि दुसरीकडे २, की झाला निर्णय. दहा हा आकडा तिथे कुणी वाचतच नाही. आकडा म्हणून वाचायला हवा असेल तर तसं सांगावं लागतं, सॉर्टच्या पर्यायात 'व्हर्जन:रेफनेम' देऊन. 'गिट टॅग'ला ही सोय २०१४ मध्ये मिळाली, आणि 'टॅग.सॉर्ट' हे कॉन्फिग एकदा लावून ठेवलं की दर वेळी सांगायचीही गरज उरत नाही. तरी एक खोच राहतेच. १.१२-आरसी१ हा चाचणीचा टॅग या क्रमात १.१२ च्या नंतर येतो, खरं तर तो आधीचा. त्यासाठी 'व्हर्जनसॉर्ट.सफिक्स'मध्ये '-आरसी' अशी नोंद करायची, मग तो आपल्या जागी जातो. शेवटची ओळ म्हणजे ताजी आवृत्ती असं धरून चालणाऱ्या स्क्रिप्ट मी कामात पुष्कळ पाहिल्या आहेत. नवव्या आवृत्तीपर्यंत त्या बिनबोभाट चालतात आणि दहाव्याला कुणाच्याही लक्षात न येता जुनीच आवृत्ती उचलतात. त्रुटीसंदेश येत नाही, म्हणून हा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो.

आवृत्तीचा आकडा हा दशांश अपूर्णांक नव्हे, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. अपवाद डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा. तिथे प्रत्येक नव्या आवृत्तीला पाय (π) या संख्येच्या किमतीतला पुढचा एकेक अंक जोडला जातो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३. तिथे अकारविल्हे क्रमही बरोबर येतो आणि आकडा म्हणून वाचलं तरी बरोबर येतो. बाकी जगाचं तसं नाही.

काकांच्या बाबतीत टॅग होता, दिसत नव्हता. मुंबईच्या एका सभासदाकडे १.११.२ खरोखरच नव्हता. तिने रोजच्यासारखं 'गिट फेच' केलं होतं, काही त्रुटी आली नव्हती. ही गोष्ट थोडी खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. फेच करताना गिट आपल्याला लागणाऱ्या ब्रँचचा, म्हणजे कामाच्या फांदीचा, इतिहास उतरवतं, आणि त्या इतिहासात जे टॅग पडतात तेवढेच आपणहून सोबत आणतं. १.११.२ ही दुरुस्ती एका बाजूच्या ब्रँचवर झाली होती, टॅग तिथल्या कमिटला लावला होता, आणि मग ती ब्रँच सर्व्हरवरून काढून टाकली होती. आता तो कमिट कुठल्याच ब्रँचच्या इतिहासात नाही, फक्त टॅगच्या आधाराने उभा आहे. साध्या फेचला तिकडे जायचं कारणच उरलं नाही. 'गिट फेच --टॅग्ज' म्हटल्यावर तो लगेच आला. या पर्यायाबद्दल इंटरनेटवर अजून जुना सल्ला फिरतो, की आधी साधा फेच करा, मग टॅगसाठी वेगळा करा. गिटच्या २०१४ च्या १.९ आवृत्तीपूर्वी ते खरं होतं, कारण तेव्हा हा पर्याय दिला की फक्त टॅग यायचे. आता दोन्ही एका फेरीत येतं.

बिल्ड सर्व्हरवर याचाच मोठा भाऊ भेटतो. वेळ वाचावा म्हणून तिथे 'डेप्थ' १ ठेवून क्लोन करतात, म्हणजे फक्त शेवटचा कमिट. अशा क्लोनमध्ये एकच ब्रँच येते आणि मागचे टॅग येत नाहीत. मग 'गिट डिस्क्राइब' वापरून आवृत्तीचं नाव काढणारी पायरी "नावच सापडत नाही" म्हणून थांबते, किंवा त्याहून वाईट, स्क्रिप्टमध्ये कुणीतरी सोय म्हणून ठेवलेला ०.०.० हा आकडा छापून पुढे जाते. बिल्ड हिरवी, म्हणजे यशस्वी, आवृत्ती मात्र बिनबुडाची. अशा ठिकाणी इतिहास पूर्ण आणायला सांगणं, हाच सरळ मार्ग. वाचलेले सेकंद एका चुकीच्या आवृत्तीच्या शोधात केव्हाच खर्च होऊन जातात.

एक जाता जाता. 'गिट टॅग लिस्ट' असं टाइप करून पाहिलं की काहीच छापलं जात नाही आणि वाटतं की एकही टॅग नाही. खरं म्हणजे तेवढ्यात 'लिस्ट' नावाचा नवा टॅग तयार झालेला असतो. यादीसाठी '-एल' किंवा '--लिस्ट' लागतं, डॅशसकट. आणि नमुना देताना तो अवतरणात ठेवावा, नाहीतर नमुन्यातली तारका (*) गिटपर्यंत पोचायच्या आत शेलच, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅमच, तिचा अर्थ लावून मोकळा होतो. झेड-शेल तर "जुळणारं काही नाही" म्हणून तिथेच अडवतं, आणि लोक त्याचा अर्थ टॅग नाहीत असा घेतात.

टॅग दोन जातींचे असतात, आणि यादीत ते एकसारखे दिसतात. हलका टॅग म्हणजे कमिटला लावलेलं नुसतं नाव. दुसरा अ‍ॅनोटेटेड, ज्याला गिटमध्ये स्वतःचं अस्तित्व आहे. कुणी लावला, कधी लावला, काय म्हणून लावला, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. 'गिट डिस्क्राइब' सांगितल्याशिवाय हलक्या टॅगकडे पाहत नाही. 'पुश --फॉलो-टॅग्ज'ही फक्त अ‍ॅनोटेटेडच नेतं. त्यामुळे "यादीत आहे, मग सर्व्हरवर का नाही?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा टॅगच्या जातीत सापडतं. 'गिट कॅट-फाइल -टी' आणि पुढे टॅगचं नाव दिलं की 'टॅग' किंवा 'कमिट' असं एका शब्दात उत्तर येतं. 'गिट टॅग -एन'वर भरवसा ठेवू नये, कारण हलक्या टॅगसमोर ते कमिटच्याच संदेशाची पहिली ओळ दाखवतं आणि तो टॅगचा संदेश आहे असं वाटतं.

टॅगने कमिटकडेच बोट दाखवावं अशी सक्तीही नाही. लिनक्स कर्नलच्या रिपोत २.६.११ चा टॅग कमिटकडे नव्हे, थेट ट्रीकडे, म्हणजे फाइली-फोल्डरांच्या मांडणीकडे, जातो, कारण त्या आवृत्तीच्या वेळी गिट नव्हतंच. गिटच्या स्वतःच्या रिपोत 'जुनिओ-जीपीजी-पब' नावाचा टॅग आहे, त्याच्या टोकाला एक फाइल, आणि त्या फाइलीत जुलै २००५ पासून गिट सांभाळणाऱ्या जुनिओ हमानो यांची सार्वजनिक किल्ली. टॅगच्या सह्या पडताळायला लागणारी किल्ली टॅगनेच जपून ठेवलेली आहे. मला ही मांडणी फार आवडते.

आमच्या १.१२ ची गोष्ट याहून गंभीर. टॅग लावून झाला, यादी लोकांनी उतरवली, आणि मग एका सभासदाच्या लक्षात आलं की काही समासांत वेलांटी चुकली आहे. 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व, 'बुद्धी' दीर्घ, पण 'बुद्धिवाद' ऱ्हस्व, हा नियम त्या गठ्ठ्यात उलटा पडला होता. त्याने तत्परतेने दुरुस्ती केली आणि १.१२ हा टॅग नव्या कमिटवर सरकवून सर्व्हरवर जबरीने पुश केला. हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. एक जण म्हणे, १.१२ मध्ये 'कविसंमेलन' चूक दाखवतंय. दुसरी म्हणे, माझ्याकडे १.१२ च आहे आणि ते बरोबर दाखवतंय. दोघंही खरं बोलत होते.

ज्याच्याकडे जुना टॅग आधीच होता, त्याच्या साध्या फेचने काहीही सांगितलं नाही. नाव आपल्याकडे आहे एवढंच गिट पाहतं आणि पुढे जातं. ज्याने '--टॅग्ज' लावून फेच केलं त्याला नकार मिळाला, की आधीचा टॅग पुसला जाईल म्हणून घेत नाही. हा नकार गिटच्या डिसेंबर २०१८ च्या २.२० आवृत्तीपासून मिळतो. त्याआधी असा सरकलेला टॅग मुकाट्याने बदलून जायचा. आम्ही प्रत्येकाला 'गिट रेव्ह-पार्स' करून १.१२ चा हॅश ग्रुपवर टाकायला सांगितलं. दोन वेगळे हॅश आले आणि वाद मिटला. नाव ताडून हे कधीच कळलं नसतं.

आता काय करायचं यावर चर्चा चालू होती. सगळ्यांनी नवा १.१२ जबरीने उतरवून घ्यावा, असं बऱ्याच जणांचं मत होतं. काका शेवटी बोलले. "पुस्तक छापून दुकानात गेलं की आपण लोकांच्या कपाटातली पानं बदलायला जात नाही. शुद्धिपत्र जोडतो, नाहीतर नवी आवृत्ती काढतो. पहिल्या आवृत्तीत चूक होती हेही लोकांना कळायला हवं." गिटच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही टॅग बदलण्याबद्दल नेमका हाच सल्ला आहे, बाहेर गेलेला टॅग सरकवू नका, चूक मान्य करा आणि नवं नाव द्या. काकांनी ती वाचलेली नव्हती.

आम्ही मूळ १.१२ जागेवर नेला, दुरुस्तीला १.१२.१ हे नाव दिलं, आणि मधल्या वेळात ज्यांनी सरकलेला टॅग घेतला त्यांना एकदा '--फोर्स' लावून तो बदलून घ्यायला सांगितलं. टॅग नुसता काढून टाकणं हा पर्याय तर मुळीच उपयोगाचा नव्हता. सर्व्हरवरून काढलेला टॅग लोकांच्या क्लोनमध्ये राहतोच, आणि त्यातल्या एकाने कधी 'पुश --टॅग्ज' केलं की तो परत सर्व्हरवर हजर होतो.

शब्दयादीत यामुळे फार तर वेलांटी चुकते. पण १४ मार्च २०२५ ला गिटहब या रिपो ठेवायच्या संकेतस्थळावरच्या 'टीजे-अ‍ॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या बिल्डमध्ये वापरायच्या घटकावर जो हल्ला झाला त्यात युक्ती हीच होती. हल्लेखोरांनी आधी प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांचे टॅग सरकवून एका घातक कमिटवर नेले. तो घटक २३,००० हून अधिक रिपोंमध्ये वापरात होता. वापरणाऱ्यांनी स्वतःकडे एक अक्षरही बदललं नव्हतं, तेच नाव, तोच आकडा, आणि तरी त्यांच्या बिल्डच्या लॉगमध्ये गुप्त किल्ल्या उघड्या पडू लागल्या. त्यानंतर अनेकांनी टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश लिहायला सुरुवात केली. मीही कामाच्या ठिकाणी तेच करते. मात्र आपल्या माणसांमध्ये टॅगवरचा विश्वास उडावा असं मला वाटत नाही. १.१२.१ म्हटलं की कळतं, ४० अक्षरांचा हॅश कुणी फोनवर सांगू शकत नाही.

मराठी प्रकल्प म्हटल्यावर एक प्रश्न आमच्यापुढे येणारच होता, टॅगची नावं देवनागरीत का नकोत? गिटची काही हरकत नाही. आम्ही एका टप्प्याला 'ऱ्हस्व-दीर्घ-तपासणी' असं नाव दिलं आणि ते व्यवस्थित चाललं, तोवर कोल्हापूरच्या सभासदाला तो टॅग सापडेना. यादीत डोळ्यांना दिसतोय, नाव टाइप केलं की गिट म्हणतं, असा टॅग नाही. हा घोळ 'ऱ'चा. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एक स्वतंत्र अक्षरही आहे आणि 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही तेच उमटतं. शिवाय 'ऱ्ह'मधला तो अर्धा र हा साधा 'र', मग हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक असं टाइप करूनही काढता येतो. तिन्ही पडद्यावर सारखे, पण गिट बाइट, म्हणजे अक्षरामागचे संगणकातले आकडे, ताडतं, त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावं. कोल्हापूरच्या कीबोर्डवरून येणारा 'ऱ' आमच्याहून निराळा होता, एवढंच. अंकांचंही तसंच. आवृत्तीप्रमाणे क्रम लावताना गिट फक्त इंग्रजी अंकांनाच अंक मानतं, त्यामुळे देवनागरी आकड्यांत नाव दिलं तर सॉर्टचा पर्याय लावूनही दहा दोनच्या आधीच येतो.

आम्ही ठरवलं की नावं इंग्रजी अंकांत आणि टॅगचा संदेश मराठीत, सविस्तर. संदेश काका लिहितात. कुठले शब्द नव्याने घेतले, कुठल्या वेलांट्या बदलल्या, कुठल्या शब्दावर मतभेद राहिला, हे सगळं त्यात असतं आणि 'गिट शो' म्हटलं की पुढे येतं. 'ऱ'चा प्रश्न मात्र टॅगच्या नावापुरता नाही हे त्या दिवशी कळलं. शब्दयादीतही 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' हे शब्द निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या बाइटांत टाइप झालेले आहेत, आणि तपासनीस त्यातला एक बरोबर, बाकीचे चूक ठरवतो. ते सगळे एका रूपात आणायचं काम सध्या चालू आहे. त्याचा टॅग १.१३, आणि तो काकांनी शेवटचं पान तपासल्याशिवाय लागणार नाही.